मोगऱ्याला पाणी घालू नये

पाण्याच्या बाबतीत मला कुणी अक्कल शिकवू नये! माझा जन्म साताऱ्याकडचा, कृष्णाकाठच्या उसातला. पायाला चिखल लागल्याशिवाय आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागत नसे. पुढे नोकरी लागली तीही सांगलीला, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत. कुणाच्या रानाला किती पाणी सोडायचं हे दिवसभर लिहिणारा मी कारकून. अशा माणसाला अंगणातली दोन झाडं सांभाळता येणार नाहीत?

नाही आली. सांगतो.

त्र्याहत्तर सालची थंडी. विश्रामबागेत आम्ही नवरा-बायको दोन खोल्यांत राहायचो. अंगणात दोन झाडं होती. एक गुलाब, त्याचं कलम मी पाचगणीहून मांडीवर बसवून आणलेलं. दुसरा मोगरा, तो कवठे महांकाळच्या सासूबाईंनी तेलाच्या डब्यात लावून एस.टी.च्या टपावरून पाठवलेला.

गुलाबाचं आणि माझं चांगलं जमायचं. त्याला रोज पाणी, पंधरवड्याला शेणखत, दसरा झाला की छाटणी, मावा पडला तर तंबाखूचं पाणी. दोन दिवस दुर्लक्ष झालं की स्वारी रुसून माना टाकायची. मोगऱ्याचं सगळंच उलटं. ते शिकवायला सासूबाई, म्हणजे बयाबाई, स्वतः आल्या.

"पाव्हणं," दाराआड उभ्या राहून, पदर सावरत त्या म्हणाल्या, "दत्तजयंती झाली की ह्येचं पाणी तोडायचं. पानं समदी वरबाडायची, मुळं जरा उघडी करायची. म्हाशिवरातीपतोर एक थेंब न्हाई!"

"मामी, मरंल की ते!"

"मरत न्हाई. तुमचा गुलाब पाणी पिऊन फुलतो, ह्यो उपाशी ठेवला की फुलतो. बहात्तरच्या दुष्काळात आमालाच प्यायला न्हवतं, झाडाला कुठलं? पर त्या उन्हाळ्यात पान दिसत न्हवतं, नुसती फुलं!"

हे मात्र खरं होतं. त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. वऱ्हाडाला पाणी टँकरचं, पण नवरीच्या डोक्यात ह्याच मोगऱ्याच्या, सासूबाईंच्या दारातल्या थोरल्या झाडाची वेणी! तो वास अजून माझ्या नाकात आहे.

आणि आता विजयमालेला दिवस गेले होते. चैत्रात डोहाळजेवण. तिची एकच मागणी होती.

"वाडी बाजारच्या फुलांची भरा, माझं काय म्हननं न्हाई. पर वेणी आईच्या मोगऱ्याचीच पायजे. दुसरं कायबी नगं मला."

"वेणी? अगं, टोपली भरून देतो!" मी म्हणालो.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी पानं वरबाडली. शेजारच्या जोतीरामला, फौजेतून आलेल्या हवालदाराला, पहाऱ्यावर नेमला.

"जोतीराम, ह्या डब्यात कुणी पाणी घालता कामा नये."

"फिकीर नॉट, सयाजीराव! चिमणीसुदीक चोच बुडवनार न्हाई!" त्याने चक्क सॅल्यूट ठोकला.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी तोंड धुताना माझी नजर मोगऱ्यावर गेली. नुसत्या काड्या! उसाच्या रानात वाढलेल्या माणसाला वाळकं झाड बघवत नाही हो. मी हळूच एक चूळ तिकडे टाकली. चूळ म्हणजे काही पाणी नव्हे! दुसऱ्या दिवशी अर्धा तांब्या. तिसऱ्या दिवशी तांब्या. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा म्हणजे काय, जरा कमी जेवणं, अशी मी मनाची समजूत घातली.

आणि काय सांगू! एका तांब्यावर मोगरा असा फोफावला, असा फोफावला, की तेलाचा डबा दिसेना! पानं तळहाताएवढी. माझ्या हाताला यशच आहे म्हणून मी कचेरीत दोन चहा पाजले. एका तांब्यात एवढी पालवी येते कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

मग सासूबाईंचं कार्ड आलं. 'शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येते. मोगऱ्याला पाणी मी माझ्या हातानं सोडणार. तोवर हात लावू नये.'

रविवारी बायको देवळात गेल्याचं बघून मी सगळी पानं ओरबाडली आणि गुलाबाच्या आळ्यात पुरली. राहिली माती. ती मेली ओलीच! पुठ्ठ्याने वारा घातला, काही उपयोग नाही. शेवटी बंबातली राख आणून वर पसरली. लांबून बघितलं तर अगदी कवठे महांकाळचं माळरान!

सासूबाई आल्या. हातपाय न धुता आधी अंगणात गेल्या. डब्याशी उकिडव्या बसल्या आणि राखेत बोट घातलं. बोट खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि चिखल घेऊन वर आलं.

"पाव्हणं, ह्यात भात लावलाय व्हय?"

त्या गुलाबाकडे वळल्या. ह्या भानगडीत आठ दिवस मी त्याला विसरलोच होतो. त्याने माना टाकलेल्या.

"आन ताण गुलाबाला दिलाय! कुणी घातलं पाणी मोगऱ्याला?"

"मामी, मी," मी कबूल झालो. "पण रोज एकच तांब्या!"

"एका तांब्याचा न्हवं ह्यो चिखल."

कुंपणापलीकडून जोतीराम खाकरला. "काकी, मीबी बाटलीभर घालत हुतो. पहाऱ्यावर असल्यामुळं रोज त्याच्याकडंच बगायला लागायचं. डोळ्यांदेखत मरतंय म्हनल्यावर काय करनार!"

एवढ्यात विजयमालेने डोळ्यांना पदर लावला. "मीबी गं आई! दुपारी तांदळाचं धुवण वतत हुते. माझं एवढं डोहाळं पुरवतायत समदी, आन ते बिचारं कोरडं. माझ्या घशाखाली घास उतरंना."

म्हणजे एक झाड आणि पाणी सोडणारे तीन पाटकरी! कुणाचा कुणाला पत्ता नाही. सासूबाईंनी डब्याकडे पाठ फिरवली. हात धुतले आणि चहा घेऊन पुढच्या गाडीने गेल्या.

त्यानंतर आम्ही तिघांनी काय नाही केलं! एकमेकांवर नजर ठेवली. जोतीराम डबा रोज उन्हात सरकवायचा. मी तर झाडासमोर हातसुद्धा जोडले. पण वेळ गेली होती. डोहाळजेवणाच्या दिवशी मोगऱ्यावर मोजून तीन कळ्या होत्या. विजयमालेने त्या तळहातावर घेतल्या आणि माझ्याकडे बघून हसली.

"असू द्या. तीनबी लय झाल्या."

रागावली असती तरी चाललं असतं. त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारातून मी शेवंती आणली, अबोली आणली. बायका वाडी भरायला बसल्या. मी तोंड लपवून गुलाबाला पाणी घालत राहिलो.

तेवढ्यात सासूबाई आल्या. पिशवीतून केळीच्या पानाचं पुडकं काढलं, त्यात ओलं फडकं, आणि फडक्यात मोगऱ्याची भरगच्च वेणी! घरच्या थोरल्या झाडाची. अंगणभर तोच वास सुटला, लग्नातला. विजयमाला आईच्या गळ्यातच पडली.

"मामी, मी पाणी घालणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय तर! दत्तजयंतीपासनं आमच्या झाडाला मी शेळीसुदीक शिवू दिली न्हाई." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "उसातला मानूस तुमी, तुमाला वाळकं बघवायचं न्हाई. म्हनून तर पोरगी दिली तुमाला. आमच्याकडं लय तान सोसलीया तिनं."

माझे डोळे भरून आले. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

"पर झाडाला हात लावू नगा," त्या म्हणाल्या.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. सासूबाई गेल्या. वेणी बघून पोटात लाथा मारणारी आमची लेक आता स्वतः आजी झाली. गुलाब वारला. मोगरा मात्र आहे, आणि दर चैत्रात अंगण पांढरं करतो. लोक विचारतात, काय घालता हो ह्याला?

काही नाही. दत्तजयंती झाली की घरची मंडळी मला साताऱ्याला, भावाकडे नेऊन सोडतात. महाशिवरात्र झाल्यावर परत आणतात.