देवधरकाकांचं नगरचिन्ह

देवधरकाका भात आणि वरण यांच्यामध्ये मेथीची भाजी पसरतात. पहिल्या दिवशी मी न विचारता भातावर वरण ओतलं, तर ते ओरडले, "अरे, धातूवर धातू!"

मग कळलं. युरोपातल्या ढालींवर पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी. सोनं चांदीवर ठेवायचं नाही, लांबून ओळखू येत नाही. मध्ये रंग हवा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला वाटलं, शिकलेल्या घरांत असंच जेवत असतील. दोन आठवडे मी मुकाट्यानं मेथी पसरली.

काका इथल्या जुरोंग आयलंडला, तेल-रसायनांच्या कारखान्यांच्या बेटावर, नोकरी करतात. परदेशी शिकायला आलेला मी त्यांच्या बुकित पंजांग भागातल्या फ्लॅटमध्ये एका खोलीत भाड्यानं राहतो. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता जर्मनीतल्या एका छोट्या शहरात असते. काका तिथे कधी गेलेले नाहीत, पण त्या शहराचं चिन्ह त्यांना तोंडपाठ आहे. लाल ढालीवर पांढरी वेस, वेशीच्या लाल कमानीत सोन्याची किल्ली.

"वेस का? तर तट बांधायची परवानगी मिळाली तेव्हा गावाचं शहर झालं. किल्ली सेंट पीटरची, स्वर्गाच्या दाराची. खालची पांढरी नागमोडी पट्टी मागाहून आली, नदीपलीकडचं खेडं सामील झालं तेव्हा."

हे सगळं नळ दुरुस्त करायला आलेल्या चिनी अंकलनीही ऐकलंय. "ओके लाह, ओके लाह," म्हणत ते लिफ्टपर्यंत मागे सरकत गेले.

दर रविवारी दुपारी काका मुक्ताला एक प्रश्न पाठवतात. पुलावरच्या ढालीत बुरूज किती? किल्लीचे दात कुठल्या बाजूला? "फोटो काढून पाठव. मापासाठी शेजारी उभी राहा."

गेल्या रविवारी मात्र ते फोन हातात धरून नुसतेच बसले होते.

"प्रश्न संपले रे. तीन आठवडे फोटो नाही. आता काय विचारू?"

मी चाचरत म्हटलं, "काका, सरळच विचारा ना, कशी आहेस म्हणून."

"विचारतो की. 'फाइन, बाबा' म्हणते. त्यात दिसतं काय?"

माझे बाबा फोनवर "जेवलास?" विचारतात आणि मी "हो" म्हणतो. मी लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासानं सापडलं: तिथल्या बाजारातल्या कारंज्यावरही तीच ढाल कोरलेली आहे, बरीच जुनी. काकांनी घाईघाईनं लिहिलं, "बाजारातल्या कारंज्यावरच्या वेशीचं दार उघडं की बंद? मापासाठी तू हवीसच."

तासाभरानं फोटो आला. लोकरीच्या टोपीतली मुक्ता हसत होती. ढाल अर्धीच आली होती, दार फोटोच्या बाहेर राहिलं होतं.

मी हळहळलो. "काका, परत काढायला सांगू या?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"बारीक झालीय," ते म्हणाले.