पंगतीतला ‘नको’

चांगुणाबाईंच्या सोमवारच्या व्रताचं उद्यापन होतं आणि मुख्य सवाष्ण होत्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई, मालनबाई. गेल्या वर्षी मालनबाई याच घरात जेवायला बसल्या आणि पानात अर्धी पोळी, वाटीभर आमटी टाकून उठल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं पुणतांब्याच्या घाटावर भेट झाली तर “आलीस का?” एवढ्यावर आलं होतं. सवाष्णीनं पानात टाकलं की व्रत पदरात पडत नाही, ही चांगुणाबाईंची श्रद्धा. या खेपेला पान स्वच्छ व्हायलाच हवं होतं.

“अक्कांना काय चालतं न् काय नको, कुनाला इचारू गं?” चांगुणाबाई म्हणाल्या.

“विचारायचं कशाला, आई?” नवी सून, सुनीलची बायको संस्कृती म्हणाली. ती पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायची. “मोठ्या आई सुनीलला रोज निरोप पाठवतात. ते सगळे मी लॅपटॉपवर घेतलेत. शब्द टाकले की ते शब्द असलेले निरोप सापडतात.”

“मग टाक. मीठ नको.”

“सापडले. भरपूर आहेत.”

चांगुणाबाईंनी मिठाची बरणी फळीवर ठेवली. “गूळ नको?”

“आहेत.”

“मिरची? लसूण? तूप?”

सगळ्यांबरोबर ‘नको’ होताच. “अगं बाई! अक्का जगत्यात तरी कशावर?”

निरोप उघडून वाचायला सवड कुणाला होती? संस्कृतीची मीटिंग सुरू झाली होती. नैवेद्याआधी चव घ्यायची नसते, त्यामुळे बिनगुळाचं पुरण आणि बिनमिठाची आमटी बिनबोभाट शिजली. देवानं नैवेद्य मुकाट्यानं घेतला.

मालनबाईंनी घेतला नाही. पहिल्याच घासाला त्या थांबल्या. “चांगुणे, मी एवढी आजारी हाय का?”

“तुमालाच तर मीठ नको हुतं, अक्का!”

“कवा म्हनले मी?”

संस्कृतीनं घाईघाईनं निरोप उघडला आणि तिचा चेहरा पडला. ‘सुन्या, मीठ घेऊन ये, उशीर करू नको.’ दुसरा उघडला. ‘गूळ राहात्याच्या बाजारातलाच आन, भाव करत बसू नको.’

“आई, चुकलं माझं. कुठल्या निरोपात कुठले शब्द आहेत, एवढंच मी नोंदवलं. ते कितव्या जागी आहेत, हे नोंदवलंच नाही.”

चांगुणाबाईंनी क्षणभर विचार केला. “म्हंजी पंगतीला कोन कोन आलंय ते कळतंय, पन कुनाच्या शेजारी कोन बसलंय ते न्हाई?”

“अगदी तसंच! थांबा, आता प्रत्येक शब्दाला पाटाचा नंबर देते. मिठाच्या लगेच पुढच्या पाटावर ‘नको’ असेल, तरच निरोप दाखवायचा.” तिची बोटं खटाखट चालली. “मीठ नको, एकही नाही. गूळ नको, एकही नाही.”

“बघ!” मालनबाईंना जोर चढला. “आता हिचं नाव घालून बघ. चांगुणाला बोलवू नको, चांगुणाला देऊ नको, असं एक जरी घावलं तरी मी पानावरनं उठते!”

“चांगुणाला, मधे कुठलाही एक शब्द, मग नको,” संस्कृती पुटपुटली. मग तिनं मान वर केली. “एक आहे.”

चांगुणाबाई डाव घेऊनच सुनेजवळ आल्या. “वाच.”

“न्हाई, ऱ्हाऊ दे,” मालनबाई घाईनं म्हणाल्या.

“वाच म्हनते ना.”

“‘सुन्या, आमटी लई झ्याक झालती. पोट फुटायची येळ आली तरी ती वाढतच हुती, म्हनून टाकून उठले. चांगुणाला सांगू नको, डोक्यावर बसंल.’”

मालनबाई पानातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत राहिल्या. चांगुणाबाईंनी फळीवरून मिठाची बरणी काढली, गुळाचा खडा फोडला, तूप पातळ केलं. हळूहळू पानात चव आली आणि मालनबाईंचा हात भरभर चालू लागला. पान चाटूनपुसून स्वच्छ झालं.

चांगुणाबाईंनी सवयीनं आमटीचा डाव पुन्हा भरला. मालनबाईंनी वाटीवर हात आडवा धरला. “आता वाढू नको.”

डाव हवेतच थांबला. चांगुणाबाईंनी सुनेकडे पाहिलं. “दोनी शब्द शेजारी-शेजारीच बसल्यात ना गं?”

“मांडीला मांडी लावून, आई.”

आणि चांगुणाबाईंच्या संसारात पहिल्यांदाच, भरलेला डाव पातेल्यात परत गेला.