राणीचा केसपेपर

दवाखान्याच्या खिडकीमागे चौतीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधलेला माणूस कोंबड्यांना काय घाबरणार! निदान कंपाउंडरकाकांचं तरी असंच मत होतं. डॉक्टरांचं अक्षर फक्त दोघांना लागायचं, एक खुद्द डॉक्टर आणि दुसरे काका. त्यातही डॉक्टरांचं अधूनमधून अडायचं. त्यामुळे दोन दिवस बहिणीकडे निघालेल्या काकू दारात चौथ्यांदा म्हणाल्या, "कोंबड्यांकडे बघा हं. खुराड्यावर चिठ्ठी लावलीय, ती वाचा," तेव्हा काकांना हसूच आलं.

"चिठ्ठी कसली लावतेस? अगं, मी माणसं बरी केलीत!"

"माणसं डॉक्टरांनी बरी केली. तुम्ही बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवल्यात."

हे मात्र काकांना फार लागलं. परत आल्यावर हिच्या तोंडून एकदा तरी 'छान सांभाळलंत हो' वदवून घ्यायचंच, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाण्याचं भांडं वाजलं आणि पाच कोंबड्या धावत आल्या. सहावी आलीच नाही. ती म्हणजे काकूंची लाडकी तांबडी राणी! काकांनी खुराड्यात डोकं घातलं. राणी कोपऱ्यात, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली. काकांनी हात पुढे केला तर चोच हाणलीन!

"अरे बापरे! पेशंट सिरियस आहे!" काका खुशीने ओरडले.

खुराड्यावर एक कागद डकवलेला होता. पाठकोऱ्या कागदावर लिहायची त्यांची जुनीच सवय. फर्रकन काढला, उलटा केला आणि पेन उघडलं. 'एकाच जागी बसून. अंग फुगलेलं. खाणंपिणं बंद. जवळ गेल्यास अंगावर येते.' मग पंखाखाली थर्मामीटर लावला. एकशे सहा!

"एकशे सहा!" काका कुंपणापर्यंत धावले. पलीकडे शेजारचे शिंपीबुवा दात घासत होते. "बुवा, एकशे सहा ताप! माणूस असता तर केव्हाच आटोपला असता! पण मी आहे म्हणून बरं."

शिंपीबुवांना कोंबडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यांना काकांचं फार कौतुक वाटलं. ते लगेच मदतीला आले. राणीला उचललं तर खाली अकरा अंडी!

"आजाऱ्याच्या अंथरुणात एवढा पसारा? म्हणून तर ताप उतरत नाही!" काकांनी आठ अंडी टोपलीत भरून ओट्यावर ठेवली आणि तीन शिंपीबुवांना दिली. "न्या, नाश्त्याला होतील."

राणीची रवानगी न्हाणीघरात झाली. आधी मिठाच्या कोमट पाण्याची अंघोळ. मग पिसांत उवा नकोत म्हणून राख चोळली. ओल्या पिसांवर राख! पाच मिनिटांत राणीचं मडकं झालं. पुन्हा अंघोळ घातली. तुऱ्यावर ओली पट्टी ठेवली. दर दोन तासांनी ड्रॉपरने लसणाचं पाणी, असंही कागदावर लिहिलं. पहिल्याच थेंबाला राणीने असा काही आरडाओरडा केला, की हातात तवा घेतलेले शिंपीबुवा तसेच धावत आले.

"काय झालं हो?"

"गुण येतोय!" काकांनी चष्मा पुसला आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "वाचा, केसपेपर असा असतो."

शिंपीबुवांनी कागद नेमका दुसऱ्या बाजूने धरला आणि मोठ्याने वाचलं, "राणी खुडूक बसलीय. खाली अकरा अंडी आहेत. उद्या-परवा पिल्लं निघतील. अंग गरम लागेल, कोंबड्यांचं असतंच. तिला कोणीही उठवू नये. कोणीही म्हणजे तुम्ही."

काकांनी कागद हिसकावून उलटसुलट वाचला.

"बुवा," काकांचा आवाज चिरकला, "माझी तीन अंडी?"

"बायको तव्यासाठी खोळंबलीय!"

शिंपीबुवा तव्यासकट पळाले. तवाच त्यांच्या हातात होता, म्हणून तर अंडी वाचली! तीन अंडी परत आली आणि अकराचा आकडा पुरा झाला. पण राणी? ती न्हाणीघराच्या फळीवर चढून बसली होती, ओलीचिंब आणि भयंकर अपमानित. काकांनी मनधरणी केली, दाणे दाखवले, चक्क हात जोडले. राणीने मान फिरवली.

वीस दिवस काकूंनी या अंड्यांना जिवापाड जपलं होतं. आता हिला तोंड कसं दाखवायचं? पण चौतीस वर्षांचा अनुभव काय उगाच? आरामखुर्ची आली, दोन शाली आल्या, गरम पाण्याची पिशवी आली. टोपली मांडीवर घेऊन काका बसले ते बसलेच! दुपारचं जेवण नाही, चहा नाही. शिंपीबुवांनी शालीचं टोक जरासं उचललं, तर काका केवढ्याने खेकसले!

संध्याकाळी काकू आल्या. फळीवरची राणी पाहिली, खुर्चीतले काका पाहिले, जमिनीवरचा कागद उचलला.

"काय केलंत हे?"

"शू! हळू बोल." काकांनी शाल जरा सरकवली. एका अंड्याला तडा गेला होता आणि आतून बारीकशी चोच बाहेर डोकावत होती. "चिव!"

काकू पुढे वाकल्या. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. काकांना वाटलं, आता येणार! 'छान सांभाळलंत हो' आता नक्की येणार!

काकूंनी डोळे पुसले आणि केसपेपर वाचायला घेतला. "एकाच जागी बसून. अंग फुगलेलं. खाणंपिणं बंद. जवळ गेल्यास अंगावर येते..." त्यांनी दोन शालींतल्या काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिंपीबुवांनी जोरजोरात मान डोलावली.

"खरंय वहिनी, मी साक्षीला आहे!"

काकूंनी पदर खोचला.

"राणीला देते अंड्यांवर बसवून. तुम्ही उठा, अंघोळीला पाणी ठेवते. आणि बुवा, तो लसणाचा ड्रॉपर कुठे ठेवलाय हो?"