आठ जावई आणि एकच एसी

योगराज पाटलांनी आयुष्यात एकच निर्णय बायकोला न विचारता घेतला. तो म्हणजे लेकीच्या, पुनमच्या लग्नात घरच्या जावयांची सोय हॉटेलात करायची. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेला हा माणूस. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली, पण स्वतःच्या डोक्याने काही ठरवायची वेळ म्हणून आली नव्हती. (आली असती तरी मोहिनीने ती दारातूनच परत पाठवली असती.)

या निर्णयामागे एक कूलर होता. अकरा वर्षांपूर्वी योगराजच्या धाकट्या भावाचं, किरणचं लग्न जळगावला झालं. पाहुण्यांची सोय शाळेच्या एका वर्गात, बाकं बाजूला सारून, गाद्या घालून. महिना मे आणि वर्गात कूलर एक. घरचे थोरले जावई, म्हणजे योगराजच्या बेबाअक्काचे यजमान बन्सीलाल, दुपारच्या झोपेतून घामाने निथळत उठले आणि बघतात तर काय, कूलरचं तोंड नवलकडे. नवल हा चुलतबहिणीचा नवरा, शिरपूरचा, सगळ्या जावयांत धाकटा. तो शालीत गुरफटून घोरत होता. बन्सीलालांनी टोपी घातली, पिशवी उचलली आणि आहेर न घेता थेट आपलं गाव, पाचोरा गाठलं.

तेव्हापासून ते योगराजशी बोलत नव्हते. तेही एक वेळ सोसलं असतं हो, साहेबही दोन-दोन महिने बोलत नाहीत. पण बेबाअक्का माहेरी यायची ती सकाळच्या एसटीने आणि निघायची दुपारच्या. भाऊबिजेला ओवाळतानाही तिच्या चपला उंबऱ्याबाहेर रस्त्याकडे तोंड करून तयार असायच्या. ज्या बहिणीने योगराजला कडेवर घेऊन अख्खं गाव फिरवलं, ती त्याच्या घरी एक रात्र राहत नव्हती, आणि हे त्याला फार लागायचं. मोहिनीने तर बजावून ठेवलं होतं, की या लग्नात काय चुकायचं ते चुकू दे, पण अक्का चार दिवस या घरात राहिली पाहिजे.

म्हणून योगराजने गावाबाहेरच्या रस्त्यावरचं एक नवं हॉटेल गाठलं. जावई आठ, खोल्या आठ, आठही एसी. मॅनेजर पितांबर याने प्रत्येक खोलीतला एसी लावून दाखवला आणि योगराजने आठही वेळा त्याच्याखाली हात धरून बघितला. आता कूलरच नाही तर कूलरचं तोंड कुठून येणार, असं म्हणत तो शीळ घालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत अक्काचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"भाऊ, त्यासनं म्हननं शे, बठ्ठासले एसी, मंग मोठा जावाईनं काय?"

झालं. योगराजच्या हातातला चहा गार झाला. सगळ्यांना सारखं दिलं की थोरल्याचा मान जातो, आणि कमी-जास्त दिलं की बाकीचे सात टोप्या घालून उभे. दिवसभर त्याने एकाही फायलीला हात लावला नाही. (ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.) शेवटी साडेपाचला कपाट बंद करताना त्याला अक्कल सुचली. कचेरीत तो रोज बघत होता. साधा कागद असला की शिपाई त्यावर भजी खातो, पण त्याच कागदावर 'गोपनीय' लिहिलं की साहेबसुद्धा दार लावून वाचतात. कागद तोच असतो.

त्याने अक्काला फोन लावला आणि भाऊजींच्या कानाला धरायला सांगितलं. म्हणाला, भाऊजी, सांगायला एसी सगळ्यांना आहे, पण चालू फक्त तुमच्या खोलीतला. बाकीचे नुसते भिंतीवर. कुणाजवळ बोलू नका, आणि दार तेवढं लावून घेत जा.

पलीकडून "हूं" आलं. अकरा वर्षांतला पहिला हुंकार. योगराजच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तो तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण रात्रीचं जेवण व्हायच्या आत नवलचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, की थोरल्यांची बडदास्त भारी असेल, आम्हाला काय, पंखाही चालेल. हा 'चालेल' कसला असतो ते योगराजला पक्कं ठाऊक होतं. जीभ नुकतीच यशस्वी होऊन आली होती, ती पुन्हा चालली. नवललाही तेच सांगितलं. मग उरलेल्या सहा जणांनी काय घोडं मारलं होतं? मजकूर तोच, वर नाव तेवढं वेगळं.

हळदीच्या दिवशी दुपारपर्यंत आठही जावई आले. बाया-पोरं घरी, जावई हॉटेलात. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. प्रत्येक जण खोलीत शिरला, आतून कडी लावली आणि पडदे ओढले. योगराज स्वतः चहा घेऊन बन्सीलालांच्या खोलीत गेला. ते पांघरूण हनुवटीपर्यंत घेऊन पडले होते.

"योगराज," ते म्हणाले, "आते कूलरनं तोंड मनाकडे फिरनं रे."

योगराज जिना उतरला तो पाय जमिनीला न लावता. खाली पितांबरजवळ बसून त्याने मोहिनीला फोनवर सांगून टाकलं, की अक्काची पिशवी आतल्या खोलीत ठेव.

पण बन्सीलाल मनाने वाईट नव्हते. गारव्यात पडल्या पडल्या त्यांचा राग थंड होत गेला आणि त्यांना त्या नवलची दया आली. बिचारा पलीकडे उकडून निघत असेल, आपल्या खोलीत बोलवावं, म्हणून ते उठले. तिकडे नवललाही वाटत होतं, की मागे आपल्यामुळे म्हातारा रुसला, आज त्याला आपल्या एसीत झोपवावं. एकूण काय, पाटलांचे आठही जावई सारख्याच चांगल्या मनाचे निघाले. धडाधड कड्या उघडल्या आणि आठ जण आठ दारांत उभे राहून एकमेकांना आपल्या खोलीत यायचा आग्रह करू लागले. आठही दारांतून गार हवा बाहेर येत होती.

पितांबर वर जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला बोलावलंय. सगळ्यांनी टोप्या घातल्यात."

आठही जण बन्सीलालांच्या खोलीत कॉटवर दाटीवाटीने बसले होते. योगराजने बचाव वगैरे काही केला नाही. हात जोडले आणि मनातलं होतं ते सांगून टाकलं.

"भाऊजी, खोटं बोललो. मला फक्त अक्का चार दिवस घरी हवी होती."

 बन्सीलालांनी शेजारी बसलेल्या नवलच्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्ही बठ्ठा रुसनूत," ते म्हणाले. "समजूत काढाले चार दिन लागतीन. घर सांगी दे. आनि खेळाले पत्ते धाडी दे."

एसी अठरावर होता. नवलने सरकून त्यांना बरोबर एसीखाली जागा करून दिली.  आनंदाच्या भरात योगराजने दारात उभ्या पितांबरलाच मिठी मारली. पितांबर सवयीने "थँक्यू सर" म्हणाला.

घरी आला तर दारात अक्काच्या चपला नव्हत्या. त्या आत, मांडणीवर, मोहिनीच्या चपलांशेजारी होत्या. योगराज त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मग सगळ्या दिवसाचा थकवा त्याला एकदम जाणवला. हळदीला अजून तासभर होता. घरातल्या एकुलत्या एक कूलरसमोर अक्का, पोरंटोरं आणि अर्धी पाहुणेमंडळी पसरली होती. दाराजवळ चार वीत जागा होती, तिथे तो घामाघूम आडवा झाला आणि पायाच्या अंगठ्याने हळूच कूलर जरासा आपल्याकडे फिरवला.

अक्काने डोळे न उघडताच तो परत होता तसा केला.

"पडी ऱ्हाय गपचूप," ती म्हणाली. "तू काय या घरना जावाई शे का?"