मोतीरामचं जुनं पोर्ट

मोतीराम वाघचौरेनं त्या दिवशी चूक एकच केली. साहेबांचा प्रश्न समजायच्या आत उत्तर दिलं. (बावीस वर्षांच्या नोकरीत प्रश्न समजून घेऊन उत्तर द्यायची त्याच्यावर फारशी वेळच आली नव्हती.)

तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होता. कंटेनर भरून घ्यायचे, सील लावायचं, कागदपत्रं करायची आणि माल बंदराकडे रवाना करायचा. नवे जनरल मॅनेजर संघपाल वाहूळ रुजू झाले, त्यांच्या स्वागताच्या जेवणात ते नेमके मोतीरामच्या शेजारी येऊन बसले. मोतीरामचा घास जागच्या जागी थांबला.

"मोतीराम, पोर्टमध्ये रस आहे का तुम्हाला?" साहेबांनी सहज विचारलं.

"सर, रस काय म्हणता! बावीस वर्षं पोर्टावरच काढली."

साहेब वळून बसले. "अरे वा! मग जुन्या पोर्टचाही अनुभव असेल?"

"नव्यापेक्षा जुनंच बरं, सर. नव्यात नुसती घाई. जुन्यात कसं, सगळं सावकाश उतरतं."

"सावकाश उतरतं..." साहेबांनी डोळे मिटून घेतले. "आणि गाळाचं काय?"

"गाळ तर असायचाच, सर. तो काढता आला पाहिजे. तिथंच माणसाचा कस लागतो."

साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. शहरात त्यांचं पाच-सहा जणांचं पोर्ट मंडळ होतं, महिन्यातून एका रविवारी जमायचं, म्हणाले. तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवाच आहे. मोतीराम भारावून बोलून गेला, "मग पुढच्या वेळी आमच्याकडंच या ना, सर." असं आपण सगळेच म्हणतो. लोक येत नाहीत, हा त्यातला मोठा सोयीचा भाग. साहेबांनी तिथल्या तिथं डायरीत लिहून घेतलं.

पंधरा दिवस मोतीराम तयारी करत होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांचे फोटो, क्रेनची माहिती, गाळ उपसण्याचे तक्ते, अशी चाळीस स्लाइडची फाइल त्यानं तयार केली. सोनियानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ढोकळ्याचं पीठ भिजवायचं ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी दारात डॉ. सत्यशीला देवगिरीकर उभ्या राहिल्या. मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, निवृत्त डॉक्टर. त्यांच्या दोन्ही हातांत, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तशी, एक काळी बाटली होती.

"एकोणीसशे पंच्याऐंशीचं व्हिंटेज पोर्ट," त्या कुजबुजल्या. "भाच्यानं पोर्तुगालहून आणलंय. मी रिक्षानं नाही आले, चालत आले. उद्या चारपर्यंत उभी ठेवा, अंधारात. गाळ तळाशी बसला पाहिजे. हलवायची नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही जाणकार!"

त्या गेल्या. मोतीराम बाटलीकडे बघत राहिला. सोनियानं लेबल वाचलं, मग मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "अहो, ही वाइन आहे."

"वाइन म्हणजे?"

"म्हणजे दारू. द्राक्षाची. त्यात वरून ब्रँडी घालतात, असं लिहिलंय."

मोतीरामनं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्याचे वडील पुंजाराम, म्हणजे नाना, गंगापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी स्वतःच्या हातांनी हातभट्टीचे माठ फोडले होते आणि सख्ख्या मेहुण्याला ओसरीवरून उठवलं होतं. "ज्या घरात बाटली, त्या घरचं पाणी मला चालायचं नाय," हे त्यांचं वाक्य अख्ख्या भावकीला पाठ होतं.

"साहेबांना फोन करा आणि खरं सांगा," सोनिया म्हणाली.

"काय सांगू? पोर्ट म्हणजे मला न्हावाशेवा बंदर वाटलं? उद्यापासून गेटवर बसवतील मला."

"मग ठेवा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. नाना थोडेच येणारेत?"

नाना रविवारी सकाळी अकरा वाजता आले.

गंगापूरहून जीप मिळाली, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं होतं, आज रविवार आहे हे लक्षातच आलं नाही. त्यांनी पाणी घेतलं, पाय धुतले, आणि टोपी ठेवायला नेमकं सोनियाचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागं बाटली उभी होती.

"हे काय रं मोत्या?"

मोतीरामच्या कानांत ओसरीवरून उठलेल्या मामाची चप्पल वाजली. "औषध आहे, नाना," तो म्हणाला. "शक्तीचं."

"कुणाला?"

"मला."

नानांनी त्याला वरून खाली नीट पाहिलं. "घे बाबा. लागतंच तुला," म्हणाले आणि कपाट लावून घेतलं.

मोतीराम काचेचे ग्लास आणायला गुलमंडीच्या बाजारात गेला. (घरात सगळे ग्लास स्टीलचे होते आणि त्यातून पोर्टचा रंग दिसत नाही, एवढं त्यानं रात्रीतून वाचून काढलं होतं.) तासाभरानं परत आला तर नाना पलंगावर मांडी घालून बसलेले. मांडीवर बाटली.

"तुझं औषध पार तळाला बसलं होतं," नाना समाधानानं म्हणाले. "उजेडाला धरून बघितलं, तर खाली हा एवढा साका! अशानं गुण येतोय व्हय? चांगलं घुसळून ठेवलंय. दमलो."

मोतीरामच्या हातातल्या पिशवीत सहा ग्लास होते. खाली पडले तेव्हा चार उरले.

त्यानंतरचे चार तास त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाटली पुन्हा कपाटात उभी केली आणि दर दहा मिनिटांनी दार उघडून मोबाइलच्या टॉर्चनं तो तळ बघायचा. आत सगळं ढगासारखं गरगरत होतं. चाळीस वर्षांत साचलेला गाळ चार तासांत बसेल का, असं त्यानं इंटरनेटला चार वेगवेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं. चारही वेळा उत्तर एकच आलं. मग नानांना बिडकीनला आपल्या थोरल्या बहिणीकडे पाठवायचं त्याच्या मनात आलं.

"नाना, अक्काला भेटून येता का?"

"अक्का लेकीकडं गेलीय. तू कशापाई एवढा घामेजलास? औषधाचा डोस घे की."

शेवटी त्यानं नानांना आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं, कीर्तन लावलं, आवाज वाढवला आणि दार ओढून घेतलं.

चारला मंडळातले तिघं आले. वाहूळ साहेब, सत्यशीलामॅडम आणि हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवणारे शिवम सर. शिवम सरांनी बसल्या बसल्या हवेचा वास घेतला. "घरात हळद आणि मोहरी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "ती जरा बाजूला ठेवून नाक तयार करावं लागेल." सोनियानं ढोकळा मुकाट्यानं परत आत नेला.

मॅडमनी बूच काढलं. ते अर्धं तुटलं. "इतक्या जुन्याचं तुटतंच," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी आदरानं मान हलवली. मोतीरामनं जरा जास्तच हलवली. मग मॅडमनी बाटली तिरपी करून सोबत आणलेल्या काचेच्या सुरईत हळूहळू ओतायला सुरुवात केली.

गोदावरीला पूर आल्यावर पैठणच्या घाटावर जसं पाणी दिसतं, तसं ते पोर्ट उतरलं.

आतून फक्त टाळ ऐकू येत होते.

"ही कोणीतरी हलवलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. "माझ्या भाच्यानं जपून आणली हो. कोणी हलवली?"

"मॅडम... रस्त्यावरून ट्रक फार जातात," मोतीराम म्हणाला. "घर हादरतं."

"तिसऱ्या मजल्यावर?" साहेबांनी विचारलं.

इतक्यात आतलं दार उघडलं. नाना टोपी नीट करत बाहेर आले. "म्या हलवली. औषध हलवूनच घ्यायचं असतंय ना? बाई, तुम्हीच सांगा."

"औषध?" मॅडम म्हणाल्या.

नानांनी सुरई उचलली आणि वास घेतला. मोतीरामनं डोळे मिटले. कीर्तनकारही नेमका तेव्हाच थांबला.

"ही दारू हाय," नाना म्हणाले.

"नाना..."

"गप. घरात दारू आणलीस, त्याचं मागून बघू. पण बापाला औषध म्हणून सांगितलंस? माझ्या हातानं दुसऱ्याची वस्तू नासवलीस, मोत्या."

मग मोतीरामच्या तोंडून कालपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. न्हावाशेवा, कंटेनर, चाळीस स्लाइड, गाळ, सगळं. "सर, मला वाटलं बंदर. मी आजवर कधी घेतलीच नाही. काल कळलं, पण तुम्ही एवढे खूश होतात, खरं सांगायची हिंमतच झाली नाही."

वाहूळ साहेब आधी लाल झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "सावकाश उतरतं!" ते कसेबसे म्हणाले आणि हसता हसता त्यांनी सोफ्यावर अंग टाकलं. शिवम सरही हसले. मॅडम मात्र सुरईकडे बघत होत्या.

नाना त्यांच्यासमोर बसले. "बाई, किती वर्षांचं हाय हे?"

"चाळीस."

"म्या तीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होतो. रसातला मळ कसा काढायचा ते मला ठाऊक हाय. पिणार नाय, पण गाळून देतो. माझ्या हातनं बिघडलं, माझ्याच हातानं नीट होऊ द्या. सोनिया, धुतलेलं मलमल आण. आणि भेंडी हाय का घरात? भेंडीच्या चिकानं मळी पटकन वर येती."

"भेंडी नको!" तिघंही एकदम ओरडले.

भेंडीवाचून नानांनी अर्धा तास खपून, चारपदरी मलमलमधून थेंब थेंब ते पोर्ट गाळलं. हात जरासुद्धा हलला नाही. खाली माणकासारखं लाल, नितळ पोर्ट जमलं. मॅडमच्या चेहऱ्यावर रंग परतला. नानांनी पुन्हा वास घेतला आणि मान बाजूला करून म्हणाले, "काळ्या मनुका. करपायच्या आत उतरवलेली काकवी. आणि जुन्या मोटेचं चामडं." शिवम सरांनी खिशातून वही काढून ते तसंच्या तसं उतरवून घेतलं.

चार ग्लास भरले. एक मोतीरामपुढे आला. त्यानं बापाकडे बघितलं.

"घे," नाना म्हणाले. "एवढा घोळ घातलाच हायस, तर चव तरी सांग लोकांना."

मोतीरामनं घोट घेतला. तिघंही पुढं झुकले. साहेबांनी हळूच विचारलं, "काय जाणवतंय?"

मोतीरामनं बराच विचार केला. "गोड आहे," तो म्हणाला.

"आणखी?"

त्यानं आणखी एक घोट घेतला. "ओलं आहे."

नानांनी पाहुण्यांना हात जोडले. "त्याचं मनावर घेऊ नका. लहानपणापास्नं त्याच्या जिभेला चवच नाय. बिनमिठाचं कालवण बी गुमान खातो."

"असं कसं नाना," मोतीराम दुखावून म्हणाला. "तेव्हा लहान होतो. आता कळतं मला सगळं."

"दुपारी वरणात मीठ टाकायचं राहिलं होतं," सोनिया स्वयंपाकघरातून म्हणाली. "ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. वर म्हणाले, आज खारट झालंय."