कुटुंबवाढ केंद्र, इंदिरानगर

आधीच सांगून ठेवते, पाटीवरचा तो शब्द बरोबरच होता! इतकी वर्षं झाली, तरी आमच्या कॉलनीतली माणसं मला पाहिलं की तोंडावर रुमाल धरतात. धरोत बापडी! व्याकरण माझ्या बाजूनं आहे.

लोकांना एखादी संस्था उभी करायला वर्षानुवर्षं लागतात. सभा होतात, चहा होतात, रुसवेफुगवे होतात. मला एक रविवार पुरे होता! तसं मी आमच्या ह्यांना, म्हणजे ललितना, बजावूनही सांगितलं होतं. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "कोणता रविवार ते आधी सांग. मी गावाला जाईन म्हणतो."

दोन हजार साल होतं. इंदिरानगरात आमच्या कॉलनीचं समाजमंदिर गणपतीचे दिवस सोडले तर कायम कुलूपबंद. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कर्णे आणि तीन पायांचं टेबल. माझी योजना साधी होती. रोज संध्याकाळी मुलांनी तिथं अभ्यास करायचा. शनिवारी नेतृत्वाचे धडे, म्हणजे सभेत उभं राहून बोलायचं कसं, चार जणांना बरोबर घेऊन काम तडीला न्यायचं कसं. आणि रविवारी आईबापांनी मुलांसोबत बसायचं, एकमेकांचं ऐकून घ्यायचं, म्हणजे अख्ख्या घराचीच वाढ!

हे सगळं माझ्या डोक्यात आलं ते भाग्यश्रीमुळे. खंडेराव रोज सकाळी सायकलवर भाजी आणि फुलं घेऊन कॉलनीत यायचे, त्यांची ही मुलगी. मळा आमच्या कॉलनीच्या मागेच. पोरगी बारावीला, हुशार. पण सहामाहीत गणितात आपटली. घरात खोली एकच. तिथंच माळा ओवायच्या, तिथंच टीव्ही, आणि तिथंच आजीचं भजनी मंडळ!

"आता काय करू, ताई?" मेथीची जुडी माझ्या हातात देत खंडेराव म्हणाले. "तिची आय म्हनती, मार्क पडत नसतील तर फुलबाजारात बसायला मानूस लागतंच आपल्याला. दिवाळीनंतर कालेज बंद."

"खबरदार!" मी म्हटलं. "मी जागा देते तिला!"

जागेची चावी मात्र रावजी आप्पांच्या कमरेला होती. आप्पा म्हणजे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. कोणी निवडले, कधी निवडले, कोणालाच आठवत नाही. ते म्हणाले, "मंडपवाला कधीचा मागे लागलाय, त्याला सामान ठेवायला हॉल हवाय. तरी तुम्ही म्हणता तर रविवारी उद्घाटन करा. हॉल भरला तर चावी तुमची. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मंडपवाल्याची. मग माझ्या दारात रडायला यायचं नाही!"

"रडतेय कोण!" मी म्हटलं, आणि तडक बारकू पेंटरकडे गेले.

आता नाव. युवा नेतृत्व ठरलं. अभ्यास ठरला. तिसरं काय? 'कुटुंब विकास' असं ललित म्हणाले. मी साफ नकार दिला. ज्या भिंतीवर पाहावं त्या भिंतीवर विकास! शब्दाचा पार चोथा झालेला. मला ताजा, घरगुती, अस्सल मराठी शब्द हवा होता. वाढ! मुलांची वाढ, मनाची वाढ, कुटुंबाची वाढ!

ललितच्या हातातला चहा बशीत सांडला. "कुटुंबवाढ? अगं, सरकार जिथं तिथं लाल त्रिकोण रंगवून नेमकं उलटं सांगतंय!"

"सरकारचं सरकार पाहील! मी गुणांच्या वाढीबद्दल बोलतेय."

"मग गुणवाढ लिही."

"ते भाववाढीसारखं वाटतं!"

बारकूनंही ब्रश हवेत थांबवून विचारलं, "वहिनी, नक्की हेच लिहू ना?" मी म्हटलं, "मोठ्या अक्षरात लिही!" त्यानं लिहिलं. बोर्ड होता आखूड. युवा नेतृत्व आणि अभ्यास वर कोपऱ्यात बारीक बसले, आणि खाली, लाल रंगात, समोरच्या रस्त्यावरून रिक्षातल्या माणसाला वाचता येईल असं, 'कुटुंबवाढ केंद्र. सहकुटुंब या. चौकशी समोरच्या बंगल्यात.'

समोरचा बंगला आमचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललितनी दार उघडलं. अंगात बनियन, तोंडात टूथब्रश. दारात सिन्नरहून पहिल्या एसटीनं आलेली एक आजी, मागे मुलगा, त्याच्यामागे लाजून चूर झालेली सून.

"डाक्टर तुमीच का?" आजींनी विचारलं. "लग्नाला लय वर्सं झाली, पाळना हलत नाय. औषध देता का अंगारा?"

ललितनी तोंडातला फेस गिळला! मी धावत पुढे आले, सगळं समजावलं, पोहे खाऊ घातले. आजींनी पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "बरं बरं, रव्वारी येतो." त्यांना काय समजलं ते त्यांनाच ठाऊक.

दुपारी दवाखान्यातल्या लताबाई सिस्टर छत्री आपटत आल्या. "अहो छायाताई, मी उन्हातान्हात घरोघर फिरून सांगते, दोनावर थांबा. आणि तुम्ही चौकात केंद्र उघडता? वाढीचं?"

"सिस्टर, ही वेगळी वाढ आहे."

"वाढीत वेगळं काय असतं? मला शिकवू नका!" रविवारी जातीनं येऊन जाब विचारते म्हणाल्या.

"पाटी पुसून टाकू का?" ललितनी हळूच विचारलं.

"मुळीच नाही! चुकलंय ते वाचणाऱ्यांचं!"

शनिवारी सकाळी खंडेराव आले. मी त्यांना आवर्जून थांबवलं. "उद्या नक्की यायचं, खंडेराव. सत्काराचा हार तुम्हीच आणा, चांगला जाड. आणि कुटुंबाला घेऊन या."

खंडेरावांनी तराजू खाली ठेवला. "कुटुंबाला? कुटुंबवाढीला कुटुंबाला बी आनायचं?"

"म्हणजे काय! त्यांच्याशिवाय वाढ होईल कशी?"

"ती नाय तयार व्हायची, ताई."

"समजावून सांगा. आधी थोडी कुरकुर होणारच. त्यांची मनापासून संमती हवी."

"कोनती बाय संमती दील ह्याला?"

"शिकलेल्या बायका तर आनंदानं देतात!" मी म्हटलं. "आणि हे सगळं भाग्यश्रीच्या भल्यासाठी चाललंय, हे विसरू नका."

खंडेरावांनी तराजू उचलून सायकलला अडकवला. मग टोपी नीट करून म्हणाले, "पोरीच्या भल्यासाठी म्हनता, तर इचारून पाहतो." जाताना त्यांची सायकल दोनदा खांबावर धडकली. मला वाटलं, चाकात हवा कमी असेल.

रविवारी हॉल खच्चून भरला! खुर्च्या संपल्या, माणसं खिडक्यांत उभी. पुढच्या रांगेत हाताची घडी घालून लताबाई सिस्टर. शेजारी सिन्नरच्या आजी, मांडीवर नारळ. कॉलनीतली जी माणसं श्रमदानाला कधी फिरकत नाहीत ती सगळी नटूनथटून हजर. मागे भिंतीला टेकून दप्तरं घेतलेली मुलं, त्यात भाग्यश्री. आप्पा खुर्च्यांकडे पाहत कमरेची चावी चाचपत होते. मी ललितकडे असा काही कटाक्ष टाकला, की बास!

तेवढ्यात खंडेराव आले. नवं धोतर, कडक टोपी, कपाळाला गंध आणि दोन्ही हातांवर तोललेला, गुडघ्यापर्यंत पोचेल असा निशिगंधाचा हार. बायको सोबत नव्हती. मी हार घ्यायला पुढे झाले. आप्पांना घालायचा होता ना! खंडेरावांनी तो दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

आणि दारातून आवाज आला, "हीच का ती?"

कलाबाई! खंडेरावांची बायको. पदर खोचलेला, हातात खुरपं, मागे रांगेनं मळ्यातल्या बाया.

"या, या!" मी खरोखरच आनंदानं म्हटलं. "तुमचीच वाट पाहत होते!"

"पाहशीलच! माझी संमती पायजे नाय का तुला? घे संमती!" कलाबाई खुरपं सावरत पुढे आल्या. "मी काय मेले का, म्हनून ह्याला दुसरं कुटुंब करून देता? आन तेबी पाटी लावून? आन तू सोता उभी राह्यली हार घालून घ्यायला!"

आणि मग माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. आमच्याकडे कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, सगळा बारदाना. मळ्यात मात्र कुटुंब म्हणजे बायको! पूर्वीपासून, सरळ, एकच अर्थ! म्हणजे काल सकाळी मी खंडेरावांना, भाजीच्या तराजूसमोर उभी राहून, दुसऱ्या बायकोची गळ घातली होती. पहिलीची संमती घेऊन या म्हणाले होते. वर पोरीच्या भल्यासाठी!

मी तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच शब्द फुटेना. खंडेराव हार घेऊन एका खांबामागे गेले. कलाबाई माझ्या पुढ्यात पोचल्या. तेवढ्यात ललित खुर्चीवर चढले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो बाई, थांबा! ती माझं कुटुंब आहे!"

मग हसण्याचा असा काही स्फोट झाला, की कर्णा खाली पडला. सिस्टर हसल्या, सिन्नरच्या आजी काही न कळताच हसल्या, बारकू तर जमिनीवर बसला. कलाबाईंनी एकदा ललितकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुरपं खाली केलं.

हसले नाहीत ते फक्त आप्पा. "बंद करा हा तमाशा! कॉलनीची अब्रू गेली. पाटी उतरवा. चावी उद्या सकाळी मंडपवाल्याला!"

आता मात्र मला शब्द फुटले! "आप्पा, अट हॉल भरायची होती. भरलाय! लोक कशासाठी आले, हे अटीत नव्हतं!"

"हे लोक भांडायला आलेत!"

"बसले तर खुर्चीवरच ना!"

"छायाताई, माझा निर्णय झालाय," आप्पा म्हणाले आणि दाराकडे निघाले. मी मागे भिंतीकडे पाहिलं. भाग्यश्री दप्तराचा पट्टा गच्च धरून उभी होती. माझ्या एका शब्दापायी त्या पोरीचं गणित फुलबाजारात जाणार होतं.

"नक्की काय निघनार होतं हितं?" कलाबाईंनी विचारलं. माझ्याकडे पाहून नव्हे. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

"अभ्यासाची जागा, आई," भाग्यश्री म्हणाली. सगळे वळून पाहायला लागले तशी ती लाल झाली, पण बोलत राहिली. "संध्याकाळी बसायला. घरी टीव्ही असतो, आजीचं भजन असतं, तू फुलं मोजत असती. मला गणित येतं, आई. मी कधी पूर्ण सोडवूनच पाह्यलं नाय. मधी कोनीतरी हाक मारतंच."

कलाबाईंनी पदरानं उगाच तोंड पुसलं. "लय वेळा तर मीच मारते हाक," त्या म्हणाल्या. मग सरळ दाराशी गेल्या आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या. पाठोपाठ मळ्यातल्या सगळ्या बाया बसल्या. दार बंद!

"अहो, बाजूला व्हा," आप्पा म्हणाले.

"चावी पोरीला द्या. मंग उठते."

"ही दादागिरी आहे!"

"हाय!" कलाबाई म्हणाल्या.

आप्पांनी खिडकीतून जायचा विचार केला असावा, कारण ते खिडकीकडे पाहून पोटाकडे पाहत होते. मी तेवढ्यात घोषणा दिली, "चावी द्या!" मागून मुलांनी उचलून धरली. सिस्टर टाळ्या वाजवू लागल्या, म्हणाल्या, या वाढीला माझी हरकत नाही! रविवारची दुपार, घरी आप्पांचं श्रीखंड वाट पाहत होतं. शेवटी त्यांनी कमरेची चावी काढली. मी अध्यक्षीय नम्रतेनं हात पुढे केला. आप्पा माझ्या हाताला वळसा घालून गेले आणि चावी भाग्यश्रीच्या हातात दिली. कलाबाईंचा डोळा होता ना त्यांच्यावर!

पण मला काय त्याचं? केंद्र माझं! सोमवारी संध्याकाळी मी इस्त्रीची साडी नेसून, 'नेतृत्व म्हणजे काय' या विषयावर तासाभराचं भाषण तयार करून समाजमंदिरात पोचले. दारात भाग्यश्री उभी.

"काकू, आम्ही मुलांनी मीटिंग घेतली. मला पुढारी केलं."

"शाब्बास! हेच तर हवं होतं मला!"

"पहिला नियम पण केला. अभ्यासाच्या वेळी बोलायचं नाही."

"अगदी बरोबर! त्यावरच आहे माझं भाषण!"

"तसं नाही, काकू." ती जरा घुटमळली, पण नजर हटवली नाही. "नियम तुमच्यासाठी केलाय. बाकीचे गप्पच असतात."

आणि तिनं दार हळूच, अगदी आदरानं, लावून घेतलं.

मी घरी गेले नाही. का जावं? पायरी काही तिच्या ताब्यात नव्हती! ठाण मांडून बसले तिथंच. थोड्या वेळानं ललित भाजीची पिशवी घेऊन आले आणि मला पाहून लांबूनच ओरडले, "काय गं, झालं का तयार तुझं युवा नेतृत्व?"

"झालं! इतकं पक्कं झालंय, की पहिल्यांदा मलाच बाहेर काढलं. आणि तुम्ही जरा हळू बोला," मी दटावलं. "आत गणित चाललंय."