रुईवाली की घोळवाली?

तात्या दरेकरांबरोबर रस्त्यानं चालायचं असेल तर निघताना भाकरी बांधून घ्यावी. काष्टीच्या शाळेत आम्ही दोघे मास्तर. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर. पण वाटेत तांबूस फुलपाखरू उडालं की तात्या चपला काढून, श्वास रोखून त्याच्यामागे!

"तात्या, घंटा झाली!"

"थांबा वो गुरुजी. ठिपकं मोजू द्या."

त्यांचं म्हणणं असं, की दिसायला हुबेहूब अशा फुलपाखरांच्या दोन जाती आहेत. एकीची अळी रुईवर वाढते. ती कडू, म्हणून पाखरं तिला तोंड लावत नाहीत. दुसरी घोळाच्या भाजीवर अंडी घालते. ही कडू नाही, पण सोंग पहिलीचं. मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर रुईवाली, वरच्या कडेला एकच असला तर घोळवाली. माझ्या बायकोनं परसातला घोळ भाजीला खुडला, तर गृहस्थ चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले तेव्हा कहरच झाला. माझी नगरला बदली त्यांच्या एका शब्दावर अडलेली. स्टेशनावरून येताना तात्यांचा छंद कानावर आलेल्या साहेबांनी एका फुलपाखराकडे छत्री दाखवत कौतुकानं विचारलं, "हीच का तुमची रुईवाली?"

झालं! "ठिपकं मोजल्याबिगर न्हाई सांगता यायचं, सायेब," म्हणून तात्या बांधावरून पसार. शाळेची किल्ली त्यांच्याच खिशात. भर उन्हात आम्ही अर्धा तास कुलपाकडे बघत ताटकळलो. साहेबांनी शेरा मारला, 'शिक्षकांत शिस्त नाही.' शिक्षकांत, म्हणजे मीही आलोच. बदली बोंबलली.

संध्याकाळी तावातावानं तात्यांच्या घरी भांडायला गेलो आणि दारातच थबकलो. वहिनींची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, दृष्टी देवीच्या साथीत गेली, हे मला ठाऊक होतं. तात्या त्यांचा तळहात धरून त्यावर बोटानं पंख काढत होते.

"मग कोनती व्हती?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई कळलं. बसायच्या आदीच उडाली."

"मग रुईवालीच म्हना की. मला कुटं दिसतंय!"

"तुला दिसत न्हाई, म्हनूनच तसं म्हनता येत न्हाई."

माझी मलाच लाज वाटली. पावलांची चाहूल लागून वहिनी म्हणाल्या, "कोन हाय?"

मी नाव सांगितलं, आत जाऊन चहा घेतला आणि बदलीबद्दल अवाक्षर काढलं नाही.